धुतलेलं जहाज

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर अर्धी गोष्ट भिंतीच ऐकतील, आणि भिंतींना सगळ्याच गोष्टी सारख्या. आज तुम्हाला एका मायलेकींची कथा सांगतो. यात राजा नाही, ऋषी नाही, कुणाचा शाप नाही. एक चित्र आहे आणि एक धुणं आहे. देवही आहे यात, पण तो नेहमीसारखा गपचूप कोपऱ्यात उभा आहे, त्याला तुमचं तुम्ही शोधा.

लेक चित्रकार. घरात ही सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. पुढे तिचे केस पिकायला लागले तरी त्यातून तिची सुटका झाली नाही. घराणं रंगाऱ्यांचं. त्यांच्या कामाची रीत अशी की सुती कापडावर चिखल, चुना आणि डिंक यांचा लेप ठशाने उमटवायचा. लेप वाळला की कापड निळीच्या पिंपात बुडवायचं. लेपाखालची जागा पांढरी राहते, बाकीचं निळं होतं. मग शेवटी कापड धुवायचं. लेप सुटून पाण्याबरोबर गेला की मगच नक्षी डोळ्यांना दिसते, तोवर सगळा चिखलच. धाकटीचे वडील ठसे मारत आणि आई धूत असे.

धाकटी शिकली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडून परक्या शहरात आली. नवरा शहरातली बस चालवतो. आणि शहर तरी कुठलं? जिथून एके काळी व्यापाऱ्यांची जहाजं निघाली, कापड घ्यायला म्हणून गेली आणि धाकटीच्या पणज्या-खापरपणज्यांच्या मुलखाची मालक होऊन बसली, तेच शहर. पाहुणा म्हणून टेकला आणि घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसला, त्यातली गत. पुढे तेच कापड इथल्या यंत्रांवर निघू लागलं, तिकडे उलट विकायला गेलं, आणि रंगाऱ्यांची पिंपं एकेक करून कोरडी पडली. धाकटीच्या वडिलांनी कसंबसं शेवटपर्यंत रेटलं. ते गेले, काम बंद झालं, तशी ती आईला आपल्याकडे घेऊन आली.

आईचं इथे सगळं छान चाललं होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं. कपडे यंत्र धुई, भांडी यंत्र धुई.

"जावईबापू, मला काहीतरी काम सांगा बाई," ती एकदा म्हणाली.

"आई, आराम करा. जन्मभर राबलात."

"आराम करून करून कंबर धरली माझी. यंत्राला बटण आणि मला खुर्ची. त्याला निदान कुणी सुरू तरी करतं."

जावई हसला, पण काम काही मिळालं नाही. आपण माणसाला सुख द्यायला जातो आणि त्याच्या हातातलं काढून घेतो. प्रेमाच्या भरात होतं हे, कुणाला दोष द्यावा?

आता चित्राकडे वळू. बंदराजवळ त्या व्यापाऱ्यांची जुनी वखार होती. तिची दुरुस्ती करून आता तिथे चित्रदालन केलं होतं. मुख्य भिंतीवर एक जुनं तैलचित्र, अख्ख्या खोलीएवढं. जहाज आपल्याकडच्या किनाऱ्याला लागलंय, व्यापारी छाती काढून उतरताहेत, आणि किनाऱ्यावर माणसं कापडाचे गठ्ठे घेऊन अशी उभी, जणू लग्नाचं बोलावणंच आलंय. शाळेच्या मुलांना रांगेने आणून ते दाखवायचे. दालनाचे प्रमुख म्हणजे एक उंच, सडसडीत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी धाकटीला बोलावलं आणि समोरची रिकामी भिंत दाखवली. "हे चित्र इतकी वर्षं एकटंच बोलतंय," ते म्हणाले. "याला उत्तर देणारं एक चित्र तुम्ही करा."

परक्या देशात इतकी वर्षं कुणाच्या जेवणघरात, कुणाच्या दुकानात चित्रं लावून दिवस काढले होते तिने. तिच्यासाठी ही भिंत म्हणजे सगळं काही होतं. आणि ती भिंत वखारीची होती. तिच्या घराण्याचं कापड ज्या फरशीवर उतरलं, तिच्यावर उभं राहून बोलायचं होतं.

बंद पडलेल्या एका लाँड्रीची मागची खोली तिने कामासाठी भाड्याने घेतली होती. सिमेंटचे मोठे हौद, छताखाली ताणलेल्या तारा, भिंतीतून आलेला जाडजूड नळ. तिथे तिने भलंमोठं सुती कापड अंथरलं, मधोमध चिखलाच्या लेपाने जहाज काढलं आणि बाकी सगळं निळीत बुडवून समुद्र केला. पण लेप धुतला नाही. चिखल तसाच ठेवला, आणि त्याच्यावर कुंचल्याने रंग चढवले. शिडं, दोर, कठड्याशी उभे व्यापारी, त्यांच्या टोप्या, त्यांची लांब नाकं. वाळलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि त्या गोऱ्या चेहऱ्यांतून आरपार जात होत्या. तिला ते फार आवडलं. प्रमुख येऊन बघून गेले, त्यांनाही आवडलं. त्यांनी फोटो काढून दालनाच्या समितीला दाखवले, समितीने मान डोलावली. आठवड्याच्या शेवटी चित्र न्यायचं ठरलं. राहिली होती ती फक्त चौकट.

चौकटीच्या लाकडासाठी धाकटी सुताराकडे गेली होती. हा सुतार आपल्याच मुलखातला, बोलका माणूस. इकडे आई तिचा जेवणाचा डबा घेऊन लाँड्रीत आली. दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. तिने डबा ठेवला आणि वर बघितलं. तारेवर निळं कापड, वर लेप तसाच.

आता तिच्या मनात काय आलं ते नीट ऐका, म्हणजे तिला नावं ठेवणार नाही. रंगाऱ्याच्या घरात वाळलेल्या लेपावर कुंचल्याने रंग करून बघायची सवय असते. कुठला रंग कसा दिसतो ते लेपावर मारून बघतात, कारण लेप जाणारच असतो. तिचा नवरा असंच करायचा. तेव्हा त्या टोप्या आणि ती नाकं बघून आई मनाशी म्हणाली, पोरीने रंग करून बघितलेत वाटतं. आणि लेपात चुना. चुना फार दिवस राहिला तर कापड खातो. म्हणजे पोर कामात इतकी बुडाली की धुवायचंच विसरली. आणि समोर हौद, नळ, तारा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या माउलीला हाताला काम दिसलं.

तिने पदर खोचला, हौद भरला. कापड चोळायचं नसतं, पिळायचं तर मुळीच नसतं. पाण्यात पसरून ठेवायचं, चिखलाला आपण होऊन सुटू द्यायचं, मग काठाला धरून हलके हलके हेलकावे द्यायचे. ती तसं करत होती आणि लहानपणी मांडीवर ऐकलेलं एक पद गुणगुणत होती. एकेक व्यापारी पाण्यात उतरला. कुणाची टोपी सुटली, कुणाचं नाक गेलं, शिडं विरघळली. पाणी गढूळ झालं की सोडायचं, पुन्हा भरायचं. शेवटचं पाणी स्वच्छ आलं तेव्हा तिने कापड तारेवर टाकलं आणि स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचे पाय दुखत होते, आणि तिला बरं वाटत होतं.

धाकटी आणि सुतार आत आले. सुताराच्या हातात मोजपट्टी होती. त्याने कापड बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि तोंडाला लगाम नसलेला माणूस तो, म्हणाला, "ताई, माप कसलं घेऊ? जहाज तर गेलं."

निळ्या समुद्राच्या मधोमध जहाजाच्या आकाराची नुसती पांढरी जागा उरली होती.

धाकटी तिथेच पालथ्या बादलीवर बसली. म्हणाली, "आई, हे काय केलंस?"

"धुतलं की. लेप तसाच ठेवला होतास. चुना कापड खातो, ठाऊक आहे ना?"

"तो ठेवायचा होता."

"लेप? लेप कुणी ठेवतं का गं? धुतल्याशिवाय कापड पुरं होतं का?"

"हे कापड नव्हतं, आई. चित्र होतं."

एवढंच बोलली. पण आईचे ओले हात मांडीवर जसे होते तसे राहिले. सुताराला काय करावं कळेना. त्याने उगाच मोजपट्टी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली, आणि मी नंतर येतो म्हणून निघून गेला.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. जावयाने दोघींना वाढलं. आई घास चिवडत म्हणाली, "मला तिकडेच पाठवून द्या."

"तिकडे कोण आहे आई आता?"

"कुणी नाही. म्हणून तर. कुणाचं काही बिघडणार नाही."

धाकटीने हे ऐकलं. काही बोलायला हवं होतं, पण ती ताटं उचलून आत घेऊन गेली. आपल्याच माणसाशी बोलताना शब्द असे अडतात, म्हणून तर देवाने भजन दिलंय. तिथे निदान सुरुवात दुसरा कुणी करून देतो.

दुसऱ्या दिवशी धाकटी सकाळीच लाँड्रीत गेली आणि माती चाळायला बसली. पुन्हा लेप लावायचा, पुन्हा जहाज उभं करायचं, असं तिने ठरवलं होतं. दिवस थोडे होते, पण जमलं असतं. माती चाळणीतून पडत असताना दारात आई उभी राहिली.

"तू कशी आलीस?"

"जावयाच्या बसने. मेल्याने सासूलाही तिकीट काढायला लावलं."

धाकटीला हसू आलं, तिने ते चाळणीत पाडलं. आई स्टुलावर बसली. कशालाही हात लावायचा नाही म्हणून हात पदरात गुंडाळून बसली. कापड वाळलं होतं. भेगांमधून नीळ आत गेली होती, त्यामुळे त्या पांढऱ्या जागेत बारीक निळ्या शिरा उमटल्या होत्या, पानाला असतात तशा. आई बराच वेळ ते बघत होती.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"त्या जहाजावर आपल्यातलं कोण होतं गं?"

"कुणी नाही. व्यापारी होते."

"त्यांना कुणी बघितलं होतं?"

"म्हणजे?"

"तुझी पणजी सांगायची. गावात दलाल यायचा, आपल्यातलाच. ठसा आणून द्यायचा, जहाजाचा. कापडाच्या प्रत्येक ठाणाच्या टोकाला तो मारायचा, की हा माल त्यांचा. बैलगाडी यायची, माल जायचा. समुद्र आपल्यातल्या कुणी बघितलाच नव्हता. जहाज केवढं असतं, त्यात कोण बसतं, काही ठाऊक नाही. पणजी म्हणायची, आम्ही ढीगभर जहाजं काढली पण आत कोण आहे ते कधी दिसलं नाही." आईने कापडाकडे हनुवटी केली. "म्हणून विचारलं. तू ती तोंडं कुठून आणलीस?"

धाकटीचा चाळणीवरचा हात थांबला. ती तोंडं तिने कुठून आणली होती ते तिला चांगलं माहीत होतं. त्या नाकांसाठी, त्या टोप्यांसाठी ती वखारीत वही घेऊन कितीदा बसली होती. त्यांच्याच चित्रातून जहाज उचललं, चिखलात रंगवलं, चार भेगा पाडल्या, आणि तिला वाटलं की आपण उत्तर दिलं. त्यांनी स्वतःला जसं रंगवलं तसंच आपणही त्यांना पुन्हा मधोमध बसवलं, आणि आपली माणसं पुन्हा कुठेच नाहीत.

ती उठून कापडासमोर गेली. आता तिथे काय होतं? रंगाऱ्यांच्या हाताची नीळ होती, अथांग. आणि मधे एक आकार, ज्याच्या आत काय आहे ते कुणालाच कधी कळलं नाही, पण ज्याच्यामुळे सगळं गेलं.

"आई," ती पाठमोरीच म्हणाली, "काल मी तुला म्हटलं ना, हे कापड नव्हतं म्हणून."

"जाऊ दे."

"चुकलं माझं. कापडच आहे."

"चित्र पण आहे," आई म्हणाली. "मी काही आंधळी नाही."

धाकटीने चाळलेली माती परत पोत्यात भरली. आईला म्हणाली, "काठ सुटलाय एका बाजूला, दुमडून देशील?" आईने पदरातून हात बाहेर काढले. दोघींच्या सुया चालत राहिल्या, मायलेकी दोन टोकांना बसल्या, आणि दुपारी डबा उघडला तेव्हा कुठे आपण सकाळपासून चहा घेतला नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

ठरल्या दिवशी प्रमुख आले. सुतार चौकट घेऊन आधीच येऊन बसला होता. आता काय तमाशा होतो म्हणून तो जरा मागे सरकून उभा राहिला. प्रमुखांनी कापड बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"जहाज कुठे गेलं?"

आईला तिथली भाषा येत नव्हती, पण प्रश्न कळायला भाषा कशाला लागते. ती लेकीला म्हणाली, "त्यांना सांग, कच्च्या रंगाचं होतं. पहिल्याच पाण्यात गेलं."

एरवी धाकटी आईचं बोलणं जरा मऊ करून सांगायची. आज तिने जसंच्या तसं सांगितलं. सुतार खोकला.

प्रमुख हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "समितीने जहाज मंजूर केलंय. ही मधली जागा तर रिकामी आहे."

"भरलेलं जहाज तुमच्या भिंतीवर आहेच," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे एवढंच उरलं होतं."

"मला विचारावं लागेल."

"विचारा. पण मी त्यात पुन्हा काही काढणार नाही."

बोलली खरी, पण ते गेल्यावर ती चौकटीचं लाकूड उगाच पुसत बसली. भिंत हातची जाणार असं तिला वाटत होतं, आणि तरी आपण म्हटलं ते मागे घ्यावं असं वाटत नव्हतं. पुढचे काही दिवस घरात फोन वाजला की तिघंही एकदम थांबायचे. आई देवापुढे बसायची. काय मागायची कुणी विचारलं नाही. एकदा जावई म्हणाला, "आई, देवाला जरा जोरात सांगा." तर म्हणाली, "तो काय बसचालक आहे, की घंटा वाजवल्याशिवाय थांबणार नाही?"

मग प्रमुखांचं बोलावणं आलं. धाकटी आईला घेऊनच गेली. वखारीची फरशी थंडगार होती. प्रमुख तैलचित्रासमोर उभे होते.

"मी इतकी वर्षं इथून येतो-जातो," ते म्हणाले. "परवा पहिल्यांदा किनाऱ्यावरच्या माणसांकडे नीट बघितलं. एकालाही डोळे नाहीत. चित्रकाराने नुसते तपकिरी ठिपके दिलेत." मग म्हणाले, "समितीतल्या काहींना तुमचं चित्र नकोच आहे. मी लावायचं ठरवलंय. लोक विचारतील, मधे हे काय आहे म्हणून."

"विचारू देत," धाकटी म्हणाली.

चित्र लागलं. बरोबर समोर. सुताराने चार वेळा मागे जाऊन बघितलं, सरळ आहे ना म्हणून. आई जवळ गेली आणि काठावरून हात फिरवला, टाके नीट बसलेत का बघायला. लगेच पहारेकरी धावत आला आणि बोटाने नाही नाही करू लागला.

"काय म्हणतोय हा?"

"हात लावू नका म्हणतोय."

"घ्या. मी हौदात बुडवून काढलं तेव्हा कुठे होता हा?"

तेवढ्यात प्रमुखांनी चित्राशेजारी लावायची पाटी दाखवली. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव. धाकटी म्हणाली, याच्याखाली आईचंही नाव घाला. प्रमुख तयार झाले. पण आईला सांगितलं तर ती मान हलवू लागली.

"छे. धुणारीचं कुणी नाव लिहितं का?"

"मी लिहिते."

"मग पाण्याचंही लिही. चुन्याचं लिही."

"आई, थट्टा नको. अर्धं काम तुझं आहे."

"अगं, आमच्यात कुणाचंच नव्हतं लिहिलेलं. तुझ्या पणजीचं नाही, तिच्या सासूचं नाही. त्या सगळ्या राहिल्या आणि मी एकटी तिथे जाऊन बसू?" तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं आहे ना? पुरे. मला लाज वाटेल."

धाकटी पुष्कळ बोलली. प्रमुखही बोलले. आईने ऐकलं नाही. अशा बायकांचा हट्ट देवालाही मोडता येत नाही, तिथे समितीचं काय. शेवटी पाटीवर एकच नाव गेलं.

आता मंडळी, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं. कधी पाय त्या शहराकडे वळले आणि त्या वखारीत गेलात, तर ते निळं कापड बघा, पाटी वाचा, लेकीचं कौतुक करा. ते तिचं हक्काचं आहे. आणि मग पाटीवर जिचं नाव सापडणार नाही, जिने पदर खोचला, हौद भरला आणि लेकीचं काम पुरं व्हावं म्हणून एक अख्खं जहाज धुऊन काढलं, त्या माउलीची घडीभर आठवण काढा. लेकीच्या पणजीची काढा, त्या पणजीच्या सासूची काढा. तिने स्वतःचं लिहू दिलं नाही, ते त्यांच्यासाठीच. जाणं झालं नाही तरी हरकत नाही. इथे बसल्या बसल्या काढलीत तरी तिला पोचेल.